कलप उतरविताना

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत केसांच्या कलपावर लेख पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींस हसू येईल. येऊ द्यावे. मलाही पूर्वी येत असे. परंतु गेल्या लग्नसराईत आमच्या घरी जो प्रसंग घडला, त्यानंतर हा विषय थट्टेचा वाटेनासा झाला.

आमच्या वहिनी बरीच वर्षे बाजारातली 'काळी मेहंदी' लावीत. पुतणीच्या लग्नाआधी, रंग फारच काळाकुट्ट दिसतो म्हणून, त्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यावर ब्लीच लावले. पाच-सात मिनिटांत डोके तापू लागले. घाईघाईने धुतले, तर कानामागची बटच हातात आली. सीमांतपूजनाला त्या डोक्यावरचा पदर ढळू न देता बसल्या होत्या. रसायनशास्त्र शिकविण्यात माझा जन्म गेला आणि घरच्या माणसाला मी दोन गोष्टी सांगितल्या नव्हत्या, याची खंत राहिली. त्या आता येथे सांगतो.

केसाचे वरचे आवरण कौलांसारखे एकावर एक चढलेले असते. हल्लीच्या कायम टिकणाऱ्या कलपात बहुधा पॅराफेनिलिनडायअमिन किंवा त्याच्या जातीचे द्रव्य असते. पुष्कळदा जोडीला अमोनियाही असतो. त्याने ही कौले उचलली जातात, द्रव्याचे लहान कण आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे एकमेकांस जोडून मोठे, रंगीत होतात. आत गेलेला पाहुणा अंगाने इतका वाढतो की आल्या दाराने त्यास बाहेर पडता येत नाही! म्हणून असा कलप साबणाने जात नाही. केसांवर नुसता वरवर बसणारा तात्पुरता रंग मात्र काही न्हाण्यांत आपोआप फिका होतो. त्यासाठी खटपट करू नये.

उतरविण्याचे मार्ग मुख्यतः दोन. ब्लीच रंगाचे कण फोडते, पण त्याबरोबर केसाचा नैसर्गिक रंगही जाळते आणि केस ठिसूळ करते. दुसरा मार्ग गंधकयुक्त क्षपणकाचा. तो जोडलेले कण पुन्हा सुटे करतो आणि ते पाण्याबरोबर वाहून जातात. आम्हां बडोदेकरांस हे कोडे वाटू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली निघालेल्या कलाभवनात रंगकाम हा एक प्रमुख विषय होता. नीळ रंगविणाऱ्यांचे 'हायड्रो' हे याच कुळातले द्रव्य. त्याने निळीचा निळेपणा जातो आणि कापड हवेत धरले की परत येतो. डोक्यावरही नेमके तेच घडते. सुटे झालेले कण केसांत राहिले, तर एक-दोन दिवसांत रंग पुन्हा उमटतो आणि लोक औषधास दोष देतात. म्हणून पुडीवर सांगितलेल्या वेळेनंतर वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा-वीस मिनिटे केस धुवावेत. सडक्या अंड्यासारखा वास येईल, तो सोसावा. नंतर काही दिवस नवा कलप लावू नये. त्यातील पेरॉक्साइडने उरलेले कण पुन्हा काळे होतात.

कलाभवनाचे नाव निघाले म्हणून एक आठवण. १८९६ साली मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यास चापेकर बंधूंनी डांबर फासले. तो डाग पुढे कलाभवनाचे संस्थापक प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी उतरविला. फासण्यास एक रात्र पुरली, उतरविण्यास मात्र रसायनशास्त्रज्ञ लागला. पुतळ्यास निदान आग तरी होत नव्हती!

क्षपणकाने मूळचा काळा केस परत मिळेल, अशी आशा धरू नये. कलप लावतानाच पेरॉक्साइडने मूळ रंग थोडा उडालेला असतो, म्हणून खालून तांबूस छटा निघते. पांढरे केस किंचित पिवळट दिसतात.

आता मेहंदी. तिच्यातील लॉसोन केसाच्या प्रथिनालाच चिकटतो. त्यावर क्षपणकाचा उपाय चालत नाही. तेलाने थोडी फिकी होते, इतकेच. मेहंदीवर निळीचा हात दिलेला असेल, तर ब्लीचने हिरवट रंग उमटण्याचा संभव. आणि 'काळी मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत कलपाचेच द्रव्य असते, तर काहींत धातूंचे क्षार. धातू असलेल्या केसांवर पेरॉक्साइड पडले की उष्णता निर्माण होते. वहिनींचे तेच झाले असावे. तपासणी सोपी आहे. विंचरताना गळलेले थोडे केस काचेच्या वाटीत पेरॉक्साइड आणि अमोनियाचे काही थेंब यांत अर्धा तास ठेवावेत. बुडबुडे, ऊब किंवा विचित्र रंग दिसला, तर डोक्यास ब्लीच लावू नये.

कपडे धुण्याचे ब्लीच किंवा धुण्याचा सोडा डोक्यास लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्यास चहा पाजून वाटेला लावावे. कपाळावर आणि कानांवर लागलेल्या डागांस मात्र खोबरेल तेल चोळून थोड्या वेळाने पुसणे पुरते. डोके खाजत असेल, पापण्या सुजल्या असतील, तर रंगाचा विचार सोडून आधी डॉक्टर गाठावा. ती अॅलर्जी असू शकते आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते.

ज्यांस घाई नाही, त्यांनी केस वाढू द्यावेत. महिन्यास साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढ होते. पुरुषांचा प्रश्न तीन-चार कटिंगांत मिटतो. कमरेपर्यंत वेणी असलेल्यांस काही वर्षे लागतात. वहिनींनी हाच मार्ग धरला आहे. कानामागे आता चार-पाच बोटे पांढरे केस आले आहेत आणि गेल्या आठवड्यात हळदीकुंकवास त्या पदर न घेताच गेल्या.