नाटक-गाणं शिकायला निघालेल्या मुलांसोबत कॉलेज पाहायला जाताना

बारावीचा निकाल लागला की अनेक विहारांत आणि समाजमंदिरांत करिअर मार्गदर्शन शिबिरं भरतात. इंजिनिअरिंग, नर्सिंग, आयटीआय, एमपीएससी, सगळ्याची माहिती मिळते. पण एखादी मुलगी उठून म्हणाली, "मला नाटक शिकायचंय", तर व्यासपीठावरच्या मंडळींची पंचाईत होते. "आधी बीए कर, मग बघू" असं म्हणून विषय संपतो.

ही पंचाईत आपल्याकडे व्हावी हे खरं तर नवल आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गाणी आजही प्रत्येक जयंतीला वाजतात. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिलं आणि ते तिथल्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणलं. कला आपल्या घरातच आहे. फक्त तिचं रीतसर शिक्षण कुठे घ्यायचं, हे सांगणारं माणूस घरात नसतं. आईवडिलांचा रोज बुडतो म्हणून पुष्कळदा वस्तीतला एखादा दादा किंवा ताईच मुलांसोबत कॉलेज पाहायला जाते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

जायचं कुठे?

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. तिथे नाट्य, संगीत आणि नृत्य या तिन्ही शाखांत शिक्षण मिळतं. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. तिथला अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे, म्हणजे आधी कुठली तरी पदवी हवी. त्याच विद्यापीठाची लोककला अकादमीही आहे. शाहिरी, लोकनाट्य याकडे ओढा असलेल्या मुलांनी तिची चौकशी जरूर करावी. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्र शिकता येतं.

राज्याबाहेर बडोदा आहे. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या परफॉर्मिंग आर्ट्स शाखेचं मूळ १८८६ सालच्या गायनशाळेत आहे. ज्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, त्यांच्याच काळात ही शाळा सुरू झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं, म्हणजे एनएसडीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण तिथला तीन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि त्याआधी प्रत्यक्ष नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. बारावीच्या मुलाने एनएसडीचं स्वप्न जरूर पाहावं, पण मधली तीन-चार वर्षं कुठे घालवायची ते आधी ठरवावं.

आणखी एक रस्ता आहे, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. साधी बीए किंवा बीकॉमची पदवी, पण कॉलेज असं की जिथला एकांकिकेचा संघ जिवंत आहे. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, प्रत्येक विद्यापीठाचे युवक महोत्सव आहेत. यातून तयार झालेले कलावंत मराठी रंगभूमीवर मोजता येणार नाहीत इतके आहेत. नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' हा अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकताना केलेला लघुपट, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोठ्या शहराचं नाव नसलं म्हणून जागा लहान होत नाही.

इमारत नंतर पाहा, तालीम आधी पाहा

प्रवेशाच्या दिवशी सगळीच कॉलेजं चांगली दिसतात. भिंतीवर माजी विद्यार्थ्यांचे फोटो असतात, त्यातले दोन-तीन चेहरे मालिकेत पाहिलेले असतात. म्हणून एकदा तरी साध्या कामाच्या दिवशी जा, आणि दुपारनंतर जा. तालमी तेव्हा सुरू होतात. विभागात रीतसर विचारलं तर बहुतेक ठिकाणी तासभर मागे बसू देतात. कोणीच बसू देत नसेल, तर त्याचं कारण विचारा.

तालमीत काय बघायचं? मुख्य भूमिकेतला मुलगा किती छान करतो, हे बघायचं नाही. कडेला बसलेली मुलं काय करतात ते बघा. ती मोबाइलवर आहेत, की कोणी संहिता धरून बसलंय, कोणी प्रकाशाचं टिपण घेतंय, कोणी कपडे बेतताय? नाट्यशिक्षणात अभिनय हा एक विषय असतो. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, ध्वनी, दिग्दर्शन हेही तितकंच असतं, आणि पुढे पोट भरायला पुष्कळदा हेच उपयोगी पडतं. मागच्या वर्षी विभागाने कोणती नाटकं केली, त्यांत कोणाकोणाला भूमिका मिळाल्या, याची यादी विद्यार्थ्यांकडून मिळते. प्रत्येक नाटकात तेच तीन चेहरे असतील तर उरलेल्यांनी तीन वर्षं काय केलं, हा प्रश्न तुमच्या मुलीचा आहे.

पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हे न संकोचता विचारा. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट शिकवतात असं मुळीच नाही. काही फार उत्तम असतात. पण ते दरवर्षी बदलू शकतात, आणि आवाज किंवा शरीर घडवणारं शिक्षण सतत एका नजरेखाली व्हावं लागतं.

नृत्यासाठी जाणार असाल तर जमीन बघा. कडक फरशीवर रोज चार तास नाचून गुडघे जातात. लाकडी जमीन असेल तर ती चैन समजू नका. संगीतासाठी रियाजाच्या खोल्या किती, आणि त्या वर्गाच्या वेळेबाहेर उघड्या असतात का, हे महत्त्वाचं. आपल्याकडची मुलं ढोलकी किंवा ढोलक वाजवत आलेली असतात. अभ्यासक्रमात बहुधा तबला असतो. त्याचे बोल वेगळे, हात ठेवण्याची पद्धत वेगळी. पहिलं वर्ष हात मोडून पुन्हा बसवल्यासारखं जातं. हे आधी माहीत असलं तर मुलगा निराश होत नाही.

भाषेचा प्रश्न

प्रवेश चाचणीत साधारणपणे एखादं स्वगत, थोडं गायन किंवा हालचाल, ऐनवेळी दिलेल्या प्रसंगावर अभिनय आणि मुलाखत असते. मुलं यूट्यूबवर पाहून एखाद्या गाजलेल्या नटाची नक्कल पाठ करून जातात. तसं करू नये. परीक्षकांना तयार नट नको असतो, घडू शकेल असा विद्यार्थी हवा असतो. स्वगत स्वतःच्या बोलीतलं निवडलं तर मुलं जास्त मोकळी होतात.

"उच्चार शुद्ध नाहीत" हे वाक्य आपल्या मुलांना इथे हमखास ऐकायला मिळतं. त्याचे दोन अर्थ असतात आणि ते वेगळे करता आले पाहिजेत. प्रमाण मराठी नटाला यायलाच हवी, जशा इतर चार बोली यायला हव्यात. ते कौशल्य आहे आणि सरावाने येतं. पण तुमची बोली म्हणजेच दोष, असं जिथे मानलं जातं तिथे मूल हळूहळू गप्प होतं. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थच्या राजकुमार तांगडे आणि त्यांच्या साथीदारांनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' राज्यभर केलं, ते स्वतःच्या बोलीच्या जोरावरच. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या ग्रामीण मुलाशी चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बोला. त्याला विचारा, इथे आल्यावर तू जास्त बोलायला लागलास की कमी?

तिथल्या मुलींशी तुमच्या मुलीला एकटीला बोलू द्या. अंतर्गत तक्रार समितीवर कोण आहे, हे त्यांना ठाऊक आहे का? आणि एक अगदी साधी गोष्ट: तालीम रात्री नऊ-दहापर्यंत चालते, मग वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं? या एका अडचणीमुळे मुलींच्या हातून भूमिका जातात. तालमीसाठी उशिराची लेखी परवानगी मिळते का, ते प्रवेशाआधीच विचारून घ्या.

पैसा आणि कागद

"अभिनय अकादमी" नावाचे खासगी वर्ग काही महिन्यांसाठी लाखांत फी घेतात. त्यांचं प्रमाणपत्र म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. पदव्युत्तर पदवीनंतर नाट्य, नृत्य किंवा संगीत या विषयांत नेट देता येते, प्राध्यापक होता येतं. वर्गाच्या प्रमाणपत्रावर यातलं काहीच होत नाही, आणि सरकारी शिष्यवृत्तीही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. कर्ज काढून असा वर्ग लावायला माझा स्पष्ट विरोध आहे.

विद्यापीठ विभागात शिकणाऱ्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप विचारा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरलेली आहे. तिच्या गुणांच्या आणि इतर अटी समाजकल्याण कार्यालयातून त्या वर्षीच्या परिपत्रकावरून तपासा. पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात, त्यामुळे पहिल्या चार महिन्यांच्या खोलीभाड्याची आणि जेवणाची सोय हाताशी हवी. इथे विहार समिती किंवा मंडळ खरी मदत करू शकतं. जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात एका विद्यार्थ्याचे हे चार महिने निघतात.

दाखल्यांबाबत एक सूचना. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. पण एनएसडीसारख्या केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालेलच असं नाही. तो उपविभागीय अधिकारी कार्यालयातून वेगळा काढून ठेवा. जात पडताळणी ही फक्त इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांची भानगड, असं समजून कला शाखेची मुलं ती टाळतात. बारावीत असतानाच तो अर्जही भरून टाका. नाटकात काम केल्याची प्रमाणपत्रं, संघाच्या पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं, जयंतीच्या कार्यक्रमाचे फोटो, हे सगळं तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. मुलाखतीत बसलेल्या माणसाला पथनाट्यही नाटकच असतं.