सुट्टीत परीक्षा नको, सोबत हवी

बोईसरला, तारापूर एमआयडीसीत अब्बूंची रात्रपाळी असली की दिवसा घरात आवाज करायचा नाही. मग सुट्टीत मुलांच्या हाती मोबाईल जातो. आम्हीही तेच करत होतो. या मे महिन्यात मात्र मगरिबनंतरची वीस मिनिटे वाचनाला दिली.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ घेतली. धाकटी इंग्रजी माध्यमात, मराठी अडखळत वाचणारी. पहिल्या दिवशी आम्ही चुकाच काढल्या. तिने पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी आम्ही गप्प बसलो. ती दादीला वाचून दाखवू लागली. दादीला अक्षरओळख नाही, पण प्रश्न तिचेच जास्त! पाळीवर निघण्याआधी अब्बूही ऐकतात.

मुलांच्या चुका मोजू नका. शेजारी बसून ऐका.