चर्चमधला चहा आणि दोनशे तास

टूनगॅबीत, म्हणजे पॅरामॅटाहून ट्रेनने चौथ्या स्टेशनवर, तुम्ही राहायला आलात असं धरू. रविवारची उपासना संपते, मागच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटं असतात. कुणीतरी येऊन विचारतं, "आठवडा कसा गेला?" तुम्ही म्हणता, "बिझी." तो हसून पुढे सरकतो. पंधरा मिनिटांत हॉल रिकामा. घरी आल्यावर आईला व्हिडिओ कॉलवर सांगता, "हो गं, चर्चला गेलो होतो. चांगली माणसं आहेत." ते खोटंही नसतं. तरी दुपारी खोली खायला उठते.

मग वाटतं, खोट आपल्यातच असणार. थांबा जरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा जणांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो. जॉन कॅसिओपो हे मानसशास्त्रज्ञ तर म्हणायचे, की एकटेपणा भुकेसारखा आहे: काहीतरी कमी पडतंय, हे शरीर सांगतं. भूक लागली म्हणून कुणी स्वतःला दोष देत नाही.

पण मग चर्चला जाऊनही ही भूक का भागत नाही? चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या लोकांचा अभ्यास मांडला. नियमित उपासनेला जाणारे जास्त समाधानी असतात, हे आधीपासून माहीत होतं. यांनी त्यातलं कारण शोधलं: तिथे जिवाभावाचे मित्र असणं. दर आठवड्याला जाऊनही तिथे मित्र नसतील, तर समाधानात फारसा फरक दिसत नाही. नुसत्या हजेरीने एकटेपणा जात नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

मैत्रीला वेळ किती लागतो? जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात साध्या ओळखीची मैत्री व्हायला साधारण ५० तास लागले आणि जवळच्या मैत्रीला २०० हून जास्त. आता हिशेब करा. आठवड्याला पंधरा मिनिटं चहा म्हणजे वर्षाला १३ तास. या वेगाने दोनशे तासांना पंधरा वर्षं लागतील! तोवर तुमचा पीआर होऊन सिटिझनशिपही झालेली असेल. तेच आठवड्यात एका संध्याकाळी कुणाच्या घरी दोन तास बसलात, जेवलात, एकमेकांसाठी प्रार्थना केली, तर दोन वर्षांच्या आत तिथे पोचाल.

अर्थात तास मोजून सगळं होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. आजूबाजूला माणसं होती, पण पाणी वेगळं. 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं, की आधी त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. म्हणजे पंगत आधी आली. आपल्याकडचं सोवळं आता वेगळं दिसतं: आडनाव ऐकून अंदाज बांधणं, "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नामागचा खरा प्रश्न, इंग्रजी चांगलं असणाऱ्यांचा वेगळा घोळका. हे ऑस्ट्रेलियात विमानातून आपल्याबरोबरच येतं.

आणि एक अवघड गोष्ट. कधी कधी मैत्री म्हणजे गळ असतो. तुम्ही विश्वास ठेवणार नाही असं दिसलं की फोन बंद होतात. असा अनुभव आला असेल, तर तुमचा राग रास्त आहे. टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा ठेवली होती. एखादी मंडळी निवडताना हे जरूर बघा: शंका बोलून दाखवणाऱ्या माणसाला पुढच्या आठवड्यात जेवायला बोलावतात का?

या रविवारी कप खाली ठेवायच्या आधी एकालाच विचारून बघा, "बुधवारी संध्याकाळी घरी आहात? मी पिठलं-भाकरी करतोय." भाकरी थापता येत नसेल तर आणखी बरं. ती शिकवायला कुणीतरी आधी येईल, आणि तेवढाच एक तास वाढेल.