कासव घरी आणण्याआधी

मलकापूरहून कोल्हापूरला खरेदीला गेले की रंगीत माशांच्या दुकानासमोर मुलांचे पाय थबकतात. काचेच्या भांड्यात जेमतेम दीड इंचाचे हिरवे पिल्लू पोहत असते. मूल हट्ट धरते आणि आईवडिलांना नाही म्हणवत नाही. पैसे मोजण्याआधी पालकांनी चार गोष्टींचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट कायद्याची. ओढ्यात-विहिरीत सापडणारे मऊ पाठीचे कासव किंवा पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. असे कासव सापडल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दुकानातले पिल्लू बहुधा अमेरिकेतल्या जातीचे असते. त्याच्या डोळ्यामागे लाल पट्टा असतो. ते वाढून फूटभराचे होऊ शकते आणि नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. सहावीतल्या मुलाने आणलेले कासव तो स्वतः बाप झाल्यावरही घरात असेल. तोवर त्याला कोण सांभाळणार?

त्याला पोहायला मोठी टाकी लागते. अंग वाळवायला कोरडा दगड लागतो आणि रोज कोवळे ऊन लागते. काचेतून आलेले ऊन उपयोगी पडत नाही. ऊन मिळाले नाही तर पाठीचे कवच मऊ पडते. पाणी लवकर घाण होते, ते वरचेवर बदलावे लागते. जिथे नळाला दिवसाआड पाणी येते, तिथे हा हिशेब आधी करावा.

कासव निरोगी दिसले तरी त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू पसरतात. त्यामुळे ताप येतो, जुलाब होतात. लहान लेकरे आजारी पडू लागल्याने अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर कासव आणूच नये. इतरांनीही हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकी मोरीत धुवावी, स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ नको.

कंटाळा आला म्हणून कित्येक जण कासव नदीत सोडतात. कडवीत सोडलेले कासव वारणेपर्यंत जाऊ शकते. ते आपल्याकडच्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते, सोबत आजारही नेते. सोडण्याने त्याची सुटका होत नाही, उलट इथल्या जिवांवर संकट येते.

कासवाने घरात पैसा येतो, वीस नखांच्या कासवाने नोटांचा पाऊस पडतो, अशा थापा मारून गरिबांना लुबाडणारेही आहेत. त्यांच्या नादी लागू नये. कष्टाचा पैसा मुलांच्या वह्या-पुस्तकांना लावावा.

आधीच कासव आणले असेल तर ते नीट सांभाळा. आणले नसेल तर मुलाला नाही म्हणा, पण कारणेही समजावून सांगा. मुले समजून घेतात, असा आमचा अनुभव आहे.