नदीला भरती येते का? काकांचा हायपोथेसिस आणि एक बांबू

मागच्या लेखावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: "हायपोथेसिस कसा लिहायचा ते कळलं, पण तो तपासायचा कसा हे कसं सुचतं?" सिनॉप्सिस लिहिताना मीही इथेच अडकले होते. पुस्तकातली व्याख्या पाठ असते, पण समोर कोरा कागद आला की काही सुचत नाही. म्हणून आज प्रयोगशाळेतलं उदाहरण न घेता आमच्या घरच्या सहलीचं घेते.

आमचं गाव जासई, उरण तालुका. आजोबांपर्यंत घरात भातशेती आणि मिठागर, त्यामुळे भरती-ओहोटी ही आमच्याकडे घड्याळासारखी. डिसेंबरात आम्ही घरचे नऊ जण कोलाडला कुंडलिका नदीच्या काठी दोन रात्री तंबूत राहायला गेलो. पळस्पे, पेण, नागोठणे करत शनिवारी दुपारी पोचलो. मोठ्यांचे तंबू वर झाडाखाली लागले. पोरांचा तंबू मात्र खाली वाळूत ठोकला, कारण तिथे जमीन मऊ होती आणि पोरांनी हट्ट धरला. नदी तेव्हा शांत होती, घोट्याएवढं पाणी, मध्ये दगड उघडे.

रविवारी सकाळी चहा घेत बसलो होतो. बघता बघता मधले दगड दिसेनासे झाले, आवाज वाढला. पुतण्याने एका सपाट दगडावर चपला काढून ठेवल्या होत्या, त्या वाहून गेल्या. पाणी पोरांच्या तंबूच्या खुंट्यांपासून दोन हातांवर येऊन थांबलं. तंबू तेव्हा रिकामा होता, पण वहिनीचा चेहरा मला अजून आठवतो.

मोठे काका शांतपणे म्हणाले, "पानी चरलाय. भरती आयली."

हसू नका. हा हायपोथेसिस आहे आणि वाईट नाही. निरीक्षण आहे (पाणी ठराविक वेळेत चढलं), आधीचं ज्ञान आहे (खाडीत असंच होतं), आणि कारण सांगितलंय. त्यातून निष्कर्षही निघतो: संध्याकाळी उतरेल, पुन्हा चढेल. तुमच्यापैकी अनेकांच्या सिनॉप्सिसमधल्या 'अमुकचा तमुकवर परिणाम होतो' या वाक्यापेक्षा हे कितीतरी जास्त तपासता येण्याजोगं आहे.

आता तपासू. आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. त्या दिवशी पंचमी. पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती पहाटे पावणेचारला आणि पुन्हा दुपारी पावणेचारच्या सुमारास. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास पूर्ण ओहोटी. आमचं पाणी साडेआठला चढत होतं. समुद्र उतरत असताना!

हा हिशोब मी नाही, काकांनीच बोटांवर केला. क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "रेवदंड्यावरून इथवर यायला येल लागंल ना."

इथे थांबा, कारण संशोधनात हे रोज घडतं. भाकीत चुकलं की आपण हायपोथेसिस सोडत नाही, त्याला एक ठिगळ लावतो: 'पाणी उशिरा पोचतं.' ठिगळ लावणं हा गुन्हा नाही. खाडीच्या आतल्या टोकाला भरती खरंच उशिरा पोचते, काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रश्न असा की ठिगळ लावल्यावरही जो हायपोथेसिस चुकू शकेल, अशी चाचणी सापडते का? उशीर किती हे माहीत नसेल तर 'किती वाजता चढलं' या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. साडेचार तासांचा उशीर धरला की सगळं बसतं.

पण एक गोष्ट ठिगळाने बदलत नाही. भरती दररोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, कारण ती चंद्राच्या मागे चालते. (पाऊणचा हिशोब तिथीमागे ४५ मिनिटं देतो, बोटांवर मोजायला तेवढं पुरतं.) उशीर एक तास असो की पाच, तो रोज जवळपास तेवढाच असणार, म्हणून सरकणं तसंच राहणार. उलट पाणी माणसाने सोडलेलं असेल तर ते घड्याळाप्रमाणे चालेल. म्हणजे प्रश्न बदलला: 'किती वाजता चढलं' याऐवजी 'उद्या किती वाजता चढेल'. दोन हायपोथेसिस जिथे वेगवेगळं उत्तर देतात, तीच जागा मोजायची. चाचणी सुचते ती इथून.

मोजायला होतं काय? रविवारचा डेटा आम्ही घेतलाच नव्हता. पण भावाच्या मोबाईलमध्ये पुतण्याचे फोटो होते आणि फोटोवर वेळ असते. ८.१० च्या फोटोत तो सपाट दगड कोरडा, चपला वर. ८.४० च्या फोटोत दगड गायब. म्हणजे पाणी दगडावर या अर्ध्या तासात कधीतरी आलं. नेमकी वेळ नाही, पण मर्यादा कळल्या. (थीसिसमध्ये 'अंदाजे ८.२५' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. अर्धा तास आहे तर अर्धा तासच लिहा.)

सोमवारी पहाटे मी त्याच दगडाशेजारी बांबू रोवला. आईच्या शिवणकामाच्या टेपने त्यावर खुणा केल्या आणि दर दहा मिनिटांनी वाचन घेतलं. भरती असती तर दगड ९.०० ते ९.३० च्या दरम्यान बुडायला हवा होता. ८.२० ला दगड कोरडा होता. ८.३० ला त्यावरून पाणी जात होतं.

काका बांबूकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे चंद्राचा नाय हा पानी."

मग कोणाचं? उत्तर नदीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. मुळशीचं धरण मुळा नदीवर. ते पाणी एरवी मुळा-मुठा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते पश्चिमेकडे वळवून घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरवलं जातं आणि भिरा इथे त्यावर वीज तयार होते. टाटांचं हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. तिथून सुटलेल्या पाण्यावर खाली ८० मेगावॉटचं आणखी एक, 'भिरा टेल रेस' नावाचं केंद्र चालतं, आणि मग ते पाणी कुंडलिकेत येतं. कोकणातल्या इतर नद्या डिसेंबरात आटत चाललेल्या असताना हिच्यात राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. विजेची मागणी वाढली की टर्बाइन फिरतात आणि खाली नदी चढते. अशा चढ-उताराला 'हायड्रोपीकिंग' म्हणतात. नदीतल्या माशांवर, काठच्या वनस्पतींवर त्याचा काय परिणाम होतो यावर जगभर काम चालतं. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

जाता जाता: याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. जानेवारी १९८४ चं आंदोलन आणि पाच हुतात्मे ज्या गावाला रोज आठवतात, त्या गावच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. काकांनी फक्त मान हलवली.

आता माझी चूक. काठावर शेळ्या घेऊन आलेल्या एका आजींना सोमवारी मी सगळा शोध सांगितला, तर त्या म्हणाल्या, "सकाळचं पाणी सोडतात ना, रोजच." आम्हाला तंबू देणाऱ्याने हे सांगायला हवं होतं, त्याने सांगितलं नाही. पण मी तरी कुठे विचारलं? लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे फक्त गूगल स्कॉलर नव्हे. त्या आजींना शनिवारी विचारलं असतं तर पोरांचा तंबू तिथे लागलाच नसता.

आणि आजींच्या 'रोजच'वरही किती विसंबायचं? आमच्याकडे दोन सकाळी आहेत, एक रविवार, एक सोमवार. त्यावरून 'भरती नाही' एवढं म्हणता येतं, कारण चाचणीच तशी निवडली होती. 'पाणी सकाळीच येतं, रात्री येत नाही' हे त्यावरून म्हणता येत नाही. रात्री आम्ही मोजलंच नाही. ८ जून २०१४ ला हिमाचलमध्ये बियास नदीत फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं होतं आणि वेळ संध्याकाळची होती. जो डेटा घेतलाच नाही, त्याचा अर्थ 'धोका नाही' असा लावणं किती महाग पडतं, ते इथे कळतं.

म्हणून तंबूची जागा आम्ही बांबूवरून ठरवली नाही. रविवारीच तो वर हलवला, कारण काठावरच्या झुडपांत कमरेएवढ्या उंचीवर वाळलेला पालापाचोळा अडकलेला दिसला. म्हणजे पाणी कधीतरी तिथवर आलं होतं. केव्हा आणि का, हे तंबू हलवायला माहीत असावं लागत नाही.

काकांना मात्र अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, दोन दिवस म्हणजे काय मोजणं. अमावस्या ते पौर्णिमा बसायला पाहिजे. माझे गाईडही हेच म्हणाले असते. मे महिन्यात पुन्हा जायचं ठरलंय, बांबू त्यांनी मिठागराच्या जुन्या अवजारांबरोबर माळ्यावर ठेवलाय.