उघडायला वीज, लावायला हात

ऑफिसातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांत एक वाद कायम रंगतो: चार्जिंगचा स्क्रू ड्रायव्हर बरा की हाताचा? जुनी मंडळी हाताच्या बाजूने, पोरंसोरं चार्जिंगच्या. मला विचाराल तर हे वयाबियाचं भांडणच नाही. स्क्रू काढायचा आहे की लावायचा, यावर निकाल लागतो.

टाइपरायटरच्या जमान्यात वाद नव्हताच. गोदरेजने 1955 साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि 2009 मध्ये उत्पादन थांबवलं. मधली पन्नासेक वर्षं कचेऱ्या, कोर्टं आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमधून खडखडणारी ही यंत्रं मुख्यतः सरळ खाचेच्या स्क्रूंनी बांधलेली असत. अशा खाचेत चपट्या ड्रायव्हरचं पातं आपोआप मधोमध बसत नाही. जोर दिला की ते बाजूला घसरतं आणि शेजारचा रंग तरी खरवडतं, नाहीतर बोट तरी. म्हणून पातं खाचेच्या रुंदीला घासून घ्यायचं आणि सावकाश पिळायचं. तिथे मोटार काय करणार?

मोटारीसाठी खाचच बदलावी लागली. अमेरिकेत पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्पसन यांची मूळ कल्पना घेऊन फुलीच्या खाचेची पेटंटं मिळवली, ती 1936 साली. पहिलं मोठं गिऱ्हाईक भेटलं मोटारगाड्यांच्या कारखान्यांत. फुलीत टोक ठेवलं की ते स्वतःच मध्यावर बसतं, त्यामुळे जुळणीच्या रांगेवर यंत्राने भराभर स्क्रू पिळता येऊ लागले. खोड एकच. फुलीच्या भिंती उतरत्या असतात. जोर वाढला की टोक त्यांवरून वर चढून बाहेर उडी मारतं. दोन-तीनदा असं झालं की स्क्रूचं डोकं गुळगुळीत.

आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत याला आणखी एक फाटा फुटतो. कॅनन, रिको, क्योसेरा ही सगळी जपानी घराणी. जपानी फुली फिलिप्ससारखीच दिसते, पण खाचेचा घाट जरा निराळा. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तीच ओळख. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही. हाताने काम करणाऱ्याला ही डगमग मनगटात कळते आणि तो टोक बदलतो. मोटारीला कळत नाही. ती खाच खाऊन मोकळी होते. ‘स्क्रूच रद्दी आहेत’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी निम्मे तरी चुकीचं टोक वापरत असावेत, असा माझा दाट संशय आहे.

टोक बरोबर असेल तर उघडण्याच्या कामात चार्जिंगला तोड नाही. 3 मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या स्क्रूला प्रत्येक फेऱ्यात अर्धा मिलिमीटर चाल असते. 10 मिलिमीटर आटे सुटायला 20 फेरे. मिनिटाला 200 फेरे घेणारा साधा 3.6 व्होल्टचा ड्रायव्हर ते 6 सेकंदांत उरकतो. हाताने तेच करताना मनगट चाळीसेकदा वळवावं लागतं. मागचं कव्हर, बाजूचं कव्हर, फ्यूजरची चौकट असं करत दिवसाला चार-पाच मशीनं उघडणाऱ्याचं मनगट संध्याकाळी काय म्हणत असेल, ते त्यालाच विचारा. फक्त घट्ट बसलेल्या स्क्रूचा पहिला पाव फेरा हाताने, टोक दाबून धरून. मग खुशाल बटण दाबा.

लावताना मात्र मामला उलटा. कव्हरचे बरेच स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये जातात. तिथे नट नसतो. पहिल्या जुळणीत स्क्रूने स्वतः कापलेले आटे, एवढीच पकड. मुरलेला मेकॅनिक स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवतो. एका जागी स्क्रू किंचित खाली बसतो, ‘टक्’ असं बोटांना लागतं. जुन्या आट्याचं तोंड सापडलं. मग सुलटा फिरवायचा. ही टक् मोटारीच्या घरघरीत हरवते. बटण दाबलं की स्क्रू जुन्या आट्यांच्या आडवा नवे आटे कापत जातो, आणि दोन-तीन दुरुस्त्यांत भोक नुसतं पीठ होऊन राहतं. क्लच सर्वांत हलक्या आकड्यावर ठेवला तरी तो जास्तीचा जोर तेवढा अडवतो, आटे जुळवून देत नाही. पत्र्यावरच्या स्क्रूंना क्लच पुरतो, तिथे हट्ट नको.

चुंबकी टोकाचंही असंच. खोल जागेतला स्क्रू न पाडता काढायला ते हवंच, कारण एखादा गिअरमध्ये पडला आणि मशीन चालू झालं की दात तुटले म्हणून समजा. पण डेव्हलपर युनिटमध्ये टोनरसोबत चुंबकाला चिकटणारी बारीक भुकटी असते. तिथे हे टोक सांडलेल्या भुकटीची मिशी घेऊन बाहेर येतं. पुसल्याशिवाय ते दुसरीकडे नेऊ नये.

आटे गेलेल्या भोकावर बाजारात एकच झटपट इलाज चालतो: किंचित जाड स्क्रू. काम भागतं, मशीन चालू होतं, दुकानदार पैसे देतो. एका कव्हरवर तीन सारखे आणि चौथा जाडा दिसला की समजावं, आधीच्या कुणीतरी लावतानाही मोटारच चालवली होती.