पाळी जाताना हार्मोन घ्यावेत का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

चाळिशी उलटली की पाळी मागेपुढे होऊ लागते. अंगातून अचानक वाफा निघतात, रात्री घामाने कपडे भिजून झोप मोडते, चिडचिड वाढते, संबंधाच्या वेळी दुखू लागते. हा त्रास कोणाजवळ बोलून दाखवला की बाईला बहुधा तीनपैकी एक उत्तर मिळते. ‘सगळ्यांनाच होतं, सोसायचं असतं’ हे पहिले, ‘हार्मोनच्या गोळ्या मुळीच नको, कॅन्सर होतो’ हे दुसरे. अलीकडे मोबाइलवरच्या व्हिडिओंतून तिसरेही येऊ लागले आहे: ‘हार्मोन घ्या, हृदय, हाडे, मेंदू सगळे तरुण राहील.’ ही तिन्ही उत्तरे एकमेकांविरुद्ध वाटतात, पण त्यांच्यातली चूक एकच आहे. तिन्ही जणू सगळ्या बायका एकाच वयाच्या आणि एकाच प्रकृतीच्या आहेत असे धरून चालतात. गेल्या पंचवीस वर्षांतल्या संशोधनाचे सार नेमके याच्या उलट आहे. हार्मोन कोणी घ्यायचे, कोणत्या वयात, कोणत्या त्रासासाठी, कोणत्या प्रकारचे आणि कोणत्या मार्गाने, यावर फायदा आणि धोका दोन्ही बदलतात.

गैरसमज : ‘हार्मोनने कॅन्सर होतो हे २००२ मध्येच सिद्ध झाले.’

ही भीती जिथून आली तो अभ्यास खरा आणि मोठा होता. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी चाचणीत गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या हार्मोनांची एकत्र गोळी दिली गेली, तर काहींना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. जुलै २००२ मध्ये चाचणीचा हा भाग ठरल्यापेक्षा लवकर थांबवला गेला आणि जगभर ‘हार्मोन घातक’ अशी बातमी गेली. प्रत्यक्ष आकडे असे होते: दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण ३० वरून ३८ वर गेले. पक्षाघात, फुप्फुसात अडकणारी रक्ताची गुठळी आणि हृदयविकार यांतही दर १०,००० मागे वर्षाला सात-आठ रुग्णांची भर पडली. त्याच वेळी खुब्याचे हाड मोडण्याच्या घटना पाचने आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण सहाने कमी झाले. बातमीत आकड्यांपेक्षा टक्केवारी गाजली, आणि ‘दहा हजारांत आठ’ ऐवजी ‘सव्वीस टक्के वाढ’ लोकांच्या मनात रुतली.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट बातमीत हरवली. चाचणीतल्या स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या आणि त्यांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन दहा-बारा वर्षे उलटलेल्या स्त्रियांना हार्मोन दिल्यास जुनाट आजार टळतात का, हे पाहण्यासाठी ती चाचणी होती. वाफांनी आणि झोपमोडीने हैराण झालेल्या ४८ वर्षांच्या बाईने उपचार घ्यावा का, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. औषधही एकच होते: घोडीच्या मूत्रापासून बनवलेले इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन, तोंडाने, ठरावीक मात्रेत. ज्यांचे गर्भाशय काढलेले होते अशा १०,७३९ स्त्रियांना याच चाचणीत नुसते इस्ट्रोजेन दिले गेले. त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, आणि पुढच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यात तर तो कमीच आढळला. पक्षाघाताचा धोका मात्र त्यांच्यातही थोडा वाढला. २०१७ मध्ये अठरा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा हार्मोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्युदरात फरक दिसला नाही. म्हणजे २००२ चा निष्कर्ष चुकीचा नव्हता, तो ज्या स्त्रियांचा होता त्यांच्यापलीकडे ताणला गेला.

गैरसमज : ‘ती जुनी भीती होती, आता धोका उरलेला नाही.’

लंबक दुसऱ्या टोकाला नेणे हीसुद्धा स्त्रियांची फसवणूकच आहे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगभरातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब आला. पन्नाशीत सुरुवात करून पाच वर्षे इस्ट्रोजेन आणि रोजचे प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टिनच्याच गटातले हार्मोन) घेतलेल्या दर ५० स्त्रियांमागे पुढच्या वीस वर्षांत स्तनाच्या कर्करोगाचा एक जादा रुग्ण दिसला. नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये ही भर दर २०० मागे एक होती. हा अभ्यास निरीक्षणावर आधारलेला असल्यामुळे तो चाचणीच्या आकड्यांशी शब्दशः जुळत नाही. पण काळ वाढतो तसा धोका वाढतो आणि प्रोजेस्टोजेन जोडले की तो जास्त असतो, हे दोन धागे दोन्हीकडे दिसतात. मग प्रोजेस्टोजेन द्यायचेच कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर १९७५ मध्येच मिळाले होते. गर्भाशय असलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन दिले तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे तेव्हा अमेरिकेत उघड झाले. प्रोजेस्टोजेन त्या अस्तराला आवर घालते. म्हणून गर्भाशय असेल तर दोन्ही, काढले असेल तर बहुधा एकच, हा या उपचाराचा पहिला नियम आहे.

आपल्याकडचा एक आक्षेप इथे रास्त आहे. भारतात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे हार्मोनमुळे पडणारी भरही लहान असण्याची शक्यता आहे. परंतु इथे मॅमोग्राफी नियमित होत नाही आणि गाठ बऱ्याचदा उशिरा कळते. त्यामुळे ‘आपल्याकडे धोका कमी’ म्हणून तपासणी टाळणे परवडणारे नाही. उपचार सुरू करण्यापूर्वी स्तनांची तपासणी आणि नंतर दरवर्षी आढावा, ही त्या उपचाराचीच अट मानली पाहिजे.

गैरसमज : ‘हार्मोन हृदयाला घातक’, किंवा उलट ‘हार्मोन हृदयाचे कवच’

दोन्ही विधाने वयाचा विचार सोडून केलेली आहेत. पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत किंवा साठीच्या आत सुरुवात करणाऱ्या निरोगी स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा धोका वाढल्याचे दिसत नाही. साठीनंतर, धमन्या आधीच कडक झालेल्या असताना सुरुवात केली तर तोटा दिसतो. म्हणून ‘लवकर सुरुवात’ ही आजच्या मार्गदर्शक तत्त्वांतली मध्यवर्ती कल्पना आहे. पण केवळ हृदय राखण्यासाठी किंवा विसरभोळेपणा टाळण्यासाठी हार्मोन सुरू करावेत, याला आजही पुरेसा आधार नाही. आजार टाळण्यासाठी हार्मोन देऊ नयेत, हा अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाचा सल्ला २०२२ मध्येही कायम राहिला. ६५ वर्षांपुढे सुरुवात केलेल्या स्त्रियांमध्ये स्मृतिभ्रंश वाढल्याचेही २००३ मध्ये दिसले होते.

गुठळीचा धोका मात्र मार्ग बदलून बराच टाळता येतो. गोळी पोटातून थेट यकृतात जाते आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांवर परिणाम करते. त्वचेवर लावायचा पॅच किंवा जेल यकृताचा हा वळसा टाळतो, आणि नेहमीच्या मात्रेत त्याने गुठळ्या वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. वजन जास्त असलेल्या किंवा मायग्रेनचा त्रास असलेल्या स्त्रीसाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. मधुमेह आणि रक्तदाब आपल्याकडे तुलनेने लहान वयात गाठतात, म्हणून सुरुवातीपूर्वी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल पाहणे आपल्या स्त्रियांसाठी विशेष गरजेचे आहे.

गैरसमज : ‘पाळी जाणे नैसर्गिक आहे, मग औषध कशाला?’

पाळी जाणे नैसर्गिक आहे, हे खरेच. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात, आणि भारतात तिचे सरासरी वय ४६ ते ४७ आहे, पाश्चात्त्य देशांत सुमारे ५१. ज्या स्त्रीला त्रासच नाही तिने काही घ्यायची गरज नाही. पण नैसर्गिक म्हणजे सोसण्यासारखे, असे समीकरण आपण दुसऱ्या कुठल्या बाबतीत मांडत नाही. म्हातारपणी दिसेनासे होणेही नैसर्गिकच, तरी मोतीबिंदू काढतोच. वाफांचा त्रास वर्षभरात आपोआप संपतो हाही एक गोड समज आहे. अमेरिकेतल्या एका दीर्घ अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांमध्ये त्यांचा मध्यक काळ सुमारे साडेसात वर्षे निघाला. इतकी वर्षे झोप मोडत राहिली तर काम, नाती आणि मन सगळ्यावर त्याचा भार पडतो. वाफा आणि रात्रीचा घाम यांवर हार्मोनइतके परिणामकारक औषध आज दुसरे नाही. हार्मोनमुळे वाफांची संख्या सरासरी पाऊण हिश्शाने घटते.

तक्रार फक्त कोरडेपणाची, संबंधाच्या वेळी दुखण्याची किंवा वारंवार लघवीला जळजळ होण्याची असेल तर सबंध शरीराला हार्मोन द्यायची गरजच नसते. योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन क्रीमचा फारच थोडा अंश रक्तात जातो. वाफांप्रमाणे हा त्रास आपोआप ओसरत नाही, उलट वाढतो. तरीही त्याबद्दल बोलण्याच्या संकोचापायी कितीतरी जणी हा साधा उपाय न करता राहतात.

गैरसमज : ‘पिशवी काढली, प्रश्न मिटला.’

महाराष्ट्रासाठी सर्वांत महत्त्वाचा गैरसमज हाच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्याने नेमलेल्या समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर त्यांच्यातून येणारे इस्ट्रोजेन एका दिवसात संपते. निसर्ग जे काही वर्षांत हळूहळू करतो ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर घडते. बीजकोश ठेवले तरी पाळी येत नसल्याने ते कधी थकले हे कळायला खूणच उरत नाही. अशा स्त्रीचे वय पस्तीस-चाळीस असेल तर तिची हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

या स्त्रियांना मोठ्या वयाच्या अमेरिकी स्त्रियांचे आकडे लावणे ही सरळसरळ चूक आहे. चाळिशीच्या आत, किंवा पंचेचाळिशीच्याही आत, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रीच्या शरीरात हार्मोन ‘जादा’ घातले जात नाहीत, वेळेआधी गेलेले परत दिले जातात. दुसरे कारण आड येत नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत तरी ते द्यावेत, यावर तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. तरीही ज्यांना या उपचाराची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच तो क्वचित सुचवला जातो. फड बदलत फिरणाऱ्या बाईला दरवर्षी तपासणी कुठून मिळणार, हा आक्षेप खरा आहे. पण तो उपचाराविरुद्धचा आक्षेप नव्हे. बीजकोश काढण्याचा निर्णय घेणाऱ्या व्यवस्थेने पुढच्या दहा-पंधरा वर्षांची जबाबदारीही घेतली पाहिजे, असाच त्याचा अर्थ होतो.

गैरसमज : ‘त्यापेक्षा आयुर्वेदिक किंवा नैसर्गिक काहीतरी बरे.’

शतावरी, सोयाबीनमधले घटक आणि विविध काढे यांचा काही जणींना उपयोग वाटतो, परंतु चाचण्यांत त्यांचा परिणाम किरकोळ किंवा विसंगत निघाला आहे. ‘वनस्पतीपासून’ या शब्दात सुरक्षिततेची हमी नसते. इस्ट्रोजेनसारखा परिणाम करणारे औषध इस्ट्रोजेनसारखेच तपासून घ्यावे लागते. हार्मोन ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी पर्याय आहेत. नैराश्यावरची काही औषधे कमी मात्रेत वाफा कमी करतात, संभाषणावर आधारित मानसोपचाराने त्रास सुसह्य होतो, आणि हार्मोनविरहित नवी औषधेही आली आहेत. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असणे, गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असणे, यकृताचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काही असल्यास सबंध शरीरासाठीचे हार्मोन सामान्यतः टाळले जातात. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त दिसले तर ‘उष्णता’ म्हणून सोडून न देता तपासून घ्यावे. एकदा सुरू केलेले हार्मोन सुटत नाहीत, हाही गैरसमज आहे. ते थांबवता येतात, काही जणींचा त्रास थोडे दिवस परत येतो इतकेच. वजन हार्मोनमुळे वाढते, याला चाचण्यांचा आधार नाही. मात्र पाळी पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत गर्भनिरोधनाची काळजी वेगळी घ्यावी लागते, कारण हार्मोनचा हा उपचार गर्भ राहणे रोखत नाही.

निर्णय घेताना डॉक्टरांसमोर पाच गोष्टी मांडता आल्या तर बरे: माझे वय आणि शेवटच्या पाळीची तारीख, मला नेमका कोणता त्रास आणि किती, माझे गर्भाशय व बीजकोश आहेत की काढलेत, माझ्या आणि घरातल्यांच्या आजारांचा इतिहास, आणि गोळी की पॅच. गर्भाशयाबरोबर बीजकोश काढले का, हे पुष्कळ स्त्रियांना कधी कोणी सांगितलेलेच नसते. शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवणे आणि तो वाचून घेणे हा त्यांचा हक्क आहे. या पाच उत्तरांनंतर एकीसाठी हार्मोन योग्य ठरतील, दुसरीसाठी फक्त क्रीम पुरेल, तिसरीला काहीच लागणार नाही. तिघींचे निर्णय वेगळे असतील आणि तिन्ही बरोबर असतील. कॅन्सरच्या नावाने गप्प बसवलेली किंवा तारुण्याच्या आमिषाने गोळी घेतलेली बाई निर्णय घेत नसते, तिच्यासाठी तो दुसऱ्या कोणी घेतलेला असतो.